आजी नीट लिहून ठेवायचीय? कोकणातल्या नातवंडांसाठी थोडी कामाची माहिती

कुणाची आजी गेली की फॅमिली ग्रुपवर जे मेसेज पडतात ते एकदा वाचून बघा, प्रेमळ, कष्टाळू, सोशिक, देवभोळी, सगळ्यांना जीव लावणारी. खोटं त्यात काहीच नसतं पण तोच मेसेज नाव बदलून शेजारच्या घरी पाठवला तरी खपून जातो, घोळ तिथेच आहे. मग फोटोला हार, बाजूला लायटिंगचा दिवा, आणि पंधरा वर्षांनी घरातल्या पोरांना विचारलं की आजीचं माहेर कुठलं तर एकमेकांची तोंडं बघतात.

तर आजी लिहायची म्हणजे दुसऱ्या कुठल्याच आजीला लागू पडणार नाही असं लिहायचं, बाकी सगळं या एका गोष्टीच्या मागून येतं. मी हे देवगड-मालवण पट्टा डोळ्यासमोर ठेवून लिहितेय कारण आमची आजी तिकडची, रत्नागिरी-रायगडवाल्यांनी सणवार आणि बोली आपापली घालून घ्यावी.

आजी आहे अजून? मग प्रश्न बदला

"आजी तुझं लहानपण कसं होतं गं?" हा प्रश्न विचारूच नका. उत्तर ठरलेलं आहे, "आमचा कसला लहानपण, गेला तसाच," आणि विषय संपला. भावना विचारायच्या नाहीत, वस्तू आणि कामं विचारायची. पाणी कुठून आणायचीस, विहीर कुणाची, कळशी पितळेची की मातीची, वाटेत कोण कोण भेटायचं. लग्न होऊन आलीस तेव्हा या घरात माणसं किती होती आणि तू झोपायचीस कुठे. न्हाणीघर होतं का. चूल कोण आधी पेटवायचं, तू का मोठी जाऊ. घरावर कौलं होती की गवत, आणि शाकारायला कोण यायचं. असं विचारलं की आजी आपोआप माणसांवर येते, कारण विहिरीचं सांगताना विहिरीवरची भांडणं येतातच.

आमच्याकडे सगळ्यात जास्त सांगणं कुठल्या प्रश्नाने बाहेर आलं सांगू? "आजोबांची पत्रं तुला वाचून कोण दाखवायचं?" कोकणातल्या कितीतरी घरांतला कर्ता पुरुष मुंबईला, गिरणीत नाहीतर गोदीत, बाई गावाला शेत, सासू, गुरं आणि पोरं सांभाळत. मनीऑर्डर यायची, तिच्या कुपनावर दोन ओळी लिहायला जागा असायची, आणि आजीला अक्षरओळख नसली तर त्या दोन ओळीसुद्धा दुसऱ्याच्या तोंडून ऐकायच्या. कधी पोस्टमन, कधी मास्तरांचा मुलगा, कधी शाळेत जाणारी नणंद. म्हणजे नवरा-बायकोतलं काहीच खाजगी नाही. आणि उत्तर लिहून घेताना सासू शेजारी बसलेली, मग काय लिहिणार, "इकडे सर्व खुशाल". हे आजीने हसत हसत सांगितलं आणि त्यानंतर तासभर ती थांबलीच नाही, कुठल्या पत्रात काय लपवलं, कुणाच्या आजारपणाची बातमी मुंबईला कळवलीच नाही, सगळं.

वेळ पण बघून बसा. समोर बसवून फोन धरून "हां बोल आता" म्हटलं की आजी शाळेत कविता म्हटल्यासारखी बोलते. तिचे हात कामात असले पाहिजेत. मे महिना बेस्ट, कोकमं फोडायची असतात, आंब्याची साठं वाळत घातलेली असतात, तेव्हा फोन बाजूला ठेवून द्यायचा आणि स्वतःही कोकमं फोडायला बसायचं. पावसाळ्यात पत्र्याच्या पडवीत अजिबात रेकॉर्ड करू नका, नंतर फक्त पाऊस ऐकू येतो. फोन एअरप्लेन मोडवर, पंखा बंद, टीव्ही बंद, आणि फोन उघड्या फरशीवर न ठेवता घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा नाहीतर भांडं आपटलेला प्रत्येक आवाज डोक्यात जातो. सुरुवातीला स्वतःच्या आवाजात तारीख, गाव, कोण बोलतंय आणि कोण कोण बसलंय ते बोलून घ्या. आणि रेकॉर्ड करतोय हे तिला सांगूनच करा, चोरून नाही. एका वेळी पाऊण तास पुरे, दमते ती.

मध्येच गप्प झाली तर लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. त्या पिढीच्या बायकांना "मुलं किती" विचारलं तर जगलेली सांगतात. गेलेली मोजत नाहीत, किंवा मनात मोजतात आणि बोलत नाहीत. "बाळंतपणं किती झाली गं, सुईण कोण होती" असं हळू विचारलं तर कधी कधी सांगते. आणि नाही सांगितलं तर नाही, फोन बंद करायचा, चहा ठेवायचा.

तारखा कशा काढायच्या

आधारकार्डावरच्या जन्मतारखेवर जाऊ नका. १ जून असेल तर हमखास समजा की शाळेत नाव घालताना मास्तरांनी टाकलेली आहे, अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस त्या दिवशी असतो. आजीला साल माहीत नसतं पण प्रसंग माहीत असतात, तिथून मागे मोजायचं.

रामदास बोट बुडाली ती १७ जुलै १९४७ ला, गटारीचा दिवस, भाऊच्या धक्क्याहून रेवसला जाताना, सहाशेच्या वर माणसं गेली. किनाऱ्यावरच्या गावांत त्या पिढीला हे नाव सांगावं लागत नाही. "रामदास बुडली तेव्हा मी परकर नेसायचे" म्हणाली तर साधारण आठ ते बारा वर्षांची धरा, म्हणजे जन्म १९३५ ते ३९ च्या आसपास. आणे जाऊन नये पैसे आले ते १ एप्रिल १९५७ ला, आणि कूळकायद्यात कसणाऱ्याला मालक धरायची तारीख पण तीच, त्यामुळे जमीन हातात आली किंवा हातातून गेली ती गोष्ट बहुतेक त्याच सुमाराची निघते. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे. "भांडी पडली तेव्हा मधला अंगावर पीत होता" हे वाक्य मिळालं की मधल्या काकांचं वय पक्कं, त्यांनी स्वतः काहीही सांगू दे. ७१ च्या लढाईतले ब्लॅकआऊट मुंबईला गेलेल्या आज्यांना आठवतात. गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, तिथून पुढे कितीतरी घरांत मनीऑर्डर थांबली आणि आजोबा गावी परत आले, तर तो काळ जरा जास्त खोदून विचारा, कारण घरात पैसा बंद झाल्यावर चूल कशी चालली हे फक्त तिलाच माहीत असतं. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली २६ जानेवारी १९९८ ला. त्याआधी एसटी, आणि त्याच्याही आधी बोट. आजी बोटीने मुंबईला गेली असेल तर पडावातून बोटीवर कशी चढली, लुगडं कसं सावरलं, बोट लागली का म्हणजे उलट्या झाल्या का, डब्यात काय नेलं होतं, हे विचारल्याशिवाय उठू नका.

सणांवरून पण तारीख निघते पण जपून. "कुणकेश्वरच्या यात्रेच्या दुसऱ्या दिवशी झाला" म्हणजे महाशिवरात्रीचा दुसरा दिवस, जुनं पंचांग काढलं की तारीख हातात. पण "आंगणेवाडीच्या जत्रेला" असं म्हणाली तर पंचांगात सापडणार नाही, ती जत्रा तिथीवर नसते, देवीचा कौल घेऊन दिवस ठरतो. तिथे फक्त साल आणि सुमार लिहा.

सणांपलीकडची श्रद्धा

आजी देवभोळी होती एवढं लिहून सोडून दिलं की काहीच लिहिलं नाही. कुठला देव, कुठला नवस, कुणासाठी, फिटला की राहिला? कुठल्या देवावर रुसली होती? (आमची आजी एका देवाच्या नावाने वर्षानुवर्षं दिवा लावायची आणि त्याच्याशी बोलायची मात्र नाही, कारण विचारलं तर "त्येका म्हायत हा" एवढंच.) दिवेलागणीला तोंडातल्या तोंडात काय पुटपुटायची ते ऐकून लिहून घ्या, जमलं तर रेकॉर्ड करा. पोराला ताप आला की दृष्ट काढताना काय म्हणायची. गणपतीत गाऱ्हाणं पुरुष घालतात आणि सगळे "होय म्हाराजा" करतात, पण बायका स्वतःचं गाऱ्हाणं कुठे घालायच्या, तुळशीपाशी, की विहिरीवर, की सरळ देवळाच्या पायरीवर?

गौरीचं मात्र पूर्ण लिहा, पायरी पायरीने, कारण ते कुठल्याच पुस्तकात तुमच्या घरासारखं मिळणार नाही. तुमच्याकडे गौर तेरड्याची, खड्यांची, की मुखवट्याची? पानवठ्यावरून कोण आणतं, सुवासिनी की कुमारिका? आणताना बोलायचं की मुकाट्याने यायचं? नैवेद्य गोडाचा की तिखटाचा? नव्या सुनेचा ओवसा (गौरीला सुपातून द्यायचं वाण) कसा भरायचा, सुपात काय काय, कुठली पानं, कुणाकुणाला द्यायचं? माटवीला (गणपतीच्या वर टांगतात ती चौकट) काय काय बांधायचं आणि कुठल्या बाजूने सुरुवात? घराघरात हे वेगळं असतं आणि शेजारच्या घराला ते चुकीचं वाटतं, अगदी तेच आपल्याला हवंय. आजी मुसलमान किंवा ख्रिश्चन घरातली असेल तर उरूस, रमजानची सहेर, गावातल्या चर्चचं फेस्त, नाताळच्या आधी घरात चालणारी गोडधोडाची गडबड, तिथेही हीच रीत, कोण काय करायचं आणि कुठल्या क्रमाने.

आता एक नाजूक. आजी विधवा झाली असेल तर त्यानंतर कुठल्या कुठल्या गोष्टी बंद झाल्या ते विचारायला हवं. हळदीकुंकवाला बोलावणं थांबलं का, स्वतःच्या नातीच्या लग्नात पुढे येऊ दिलं का, हिरव्या बांगड्या कुणी काढल्या. तसंच कोण पडवीपर्यंतच यायचं, कुणाला चहा वेगळ्या कपातून मिळायचा, आणि आजी त्यात कुठल्या बाजूला होती. म्हणजे तिच्यावर झालं असेल तेही आणि तिने दुसऱ्यावर केलं असेल तेही. हे वगळून लिहिलेली आजी देव्हाऱ्यात ठेवायला ठीक, पण ती खरी नाही, असं माझं मत आहे, घरातल्या मोठ्यांना पटणार नाही, तरी.

आजी गेली असेल तर

उशीर झालाय पण सगळं संपलेलं नाही. आधी एक यादी करा, तिला तिच्या नावाने हाक मारणारं अजून कोण शिल्लक आहे. मुलं-नातवंडं या यादीत शेवटी, कारण आपण तिला आई आणि आजी म्हणूनच पाहिलं. जावा, नणंदा, माहेरचा धाकटा भाऊ, तिच्याबरोबर लावणीला जाणाऱ्या बायका, वाडीतली सुईण असेल तर ती, देवळातले गुरव, भजनी मंडळातले बुवा, जिथे उधारी चालायची तो दुकानदार. वयाने सगळ्यात मोठं माणूस आधी गाठायचं, बाकीचे थांबतील. वाडीत विचारताना आजीचं कागदावरचं नाव सांगून उपयोग नाही, बायकांना माहेरच्या गावावरून ओळखतात, कुणी आचरेकरीण, कुणी मुणगेकरीण, त्या नावाने विचारलं की मग "अगो ती काय," म्हणून गाडी सुरू.

फॅमिली ग्रुपवर "सगळ्यांनी आजीची एक आठवण पाठवा" असं टाकू नका. हात जोडलेले इमोजी येतील, दोन जण जुनाच फोटो परत टाकतील, आणि एक काका लांबलचक फॉरवर्ड. त्यापेक्षा प्रत्येकाला वेगळा फोन आणि वेगळा नेमका प्रश्न, मोठ्या आत्याला तिच्या बाळंतपणाला आजी मुंबईला आली तेव्हाचं, धाकट्या काकांना दहावी नापास झाले तेव्हा आजी काय म्हणाली ते. म्हाळाच्या, म्हणजे पितृपक्षातल्या श्राद्धाच्या दिवशी अख्खी भावकी एकत्र जेवायला असते, पुरुषांच्या पंगती उठल्यावर मागीलदारी बायका बसतात, तिथे जाऊन बसा, पुढच्या ओटीवर नाही.

मग कागद. सगळ्यात आधी आजीचं माहेरचं नाव पक्कं करा, कारण लग्नात नाव बदललेलं असतं आणि शाळेच्या रजिस्टरात सासरच्या नावाने शोधलं तर ती सापडणार नाही. माहेरच्या गावची जिल्हा परिषदेची शाळा जुनी असली तर रजिस्टर असतं, मुख्याध्यापकांना नीट विनंती केली तर नोंद दाखवतात, त्यात शाळा सोडल्याचं कारण असा रकाना असतो तो जरूर वाचा. तलाठ्याकडे वारसाचा फेरफार (जमिनीवर वारसांची नावं चढवल्याची नोंद) काढला की एका घरातली सगळी भावंडं नात्यासकट एकाच नोंदीत मिळतात, बरेचदा लग्न होऊन गेलेल्या बहिणीसुद्धा, ज्यांची नावं घरात कुणी घेत नाही. जुन्या कागदावर जिल्हा वेगळा दिसला तर गोंधळू नका, सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ ला रत्नागिरीतून वेगळा झाला, त्याआधीचं मालवण-देवगडचं सगळं "जि. रत्नागिरी", आणि रायगडच्या जुन्या कागदांवर "जि. कुलाबा". गावचं मुंबई मंडळ असेल तर त्यांच्या जुन्या वर्गणीच्या वह्या आणि स्मरणिका पण बघा, देवळाच्या जीर्णोद्धाराला कुणी किती दिले ते तिथे असतं, कधी कधी बाईचं नाव स्वतंत्र लिहिलेलं सापडतं, आणि मग ते पैसे तिने कुठून आणले हा एक वेगळा धडा निघतो. आमच्याकडे उत्तर होतं अंडी आणि वाटे घालून विकलेले काजू.

जुने फोटो काचेला चिकटले असतील तर ओढून काढू नका, चेहराच काचेवर राहतो. काचेसकट खिडकीपाशी उजेडात ठेवून, फ्लॅश बंद करून, जरा तिरका धरून फोनने फोटो घ्या म्हणजे चमक येत नाही. लॅमिनेशन तर नकोच. आपल्याकडची दमट हवा आणि वाळवी बघता ट्रंकेत तळाशी काही ठेवण्यात अर्थ नाही, स्टीलच्या झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा आणि पावसाळा संपला की एकदा उघडून हवा द्या. फोटोच्या मागे बॉलपेनने लिहू नका, उमटतं पुढे. मऊ पेन्सिल.

तिच्या हातचं कसं लिहायचं

हा भाग सगळ्यांनाच हवा असतो आणि सगळ्यांचाच इथे पचका होतो कारण आजीकडे माप नसतं. घावण्यात पाणी किती? "लागात तेवढा." मीठ? "हाताक कळता." बरं मग हातालाच मोजू या. पिठाचा डबा आणि पाण्याचा तांब्या आधी डिजिटल काट्यावर वजन करून ठेवा, आजीला तिच्या सवयीने घेऊ दे, मध्ये बोलू नका, आणि काम झाल्यावर डबा आणि तांब्या परत वजन करा, फरक म्हणजे तिचं माप. मीठ तिने चिमटीत घेतलं की पिठात पडायच्या आधी हाताखाली वाटी धरा, मोजा, मग टाकू दे. चिडते ती एकदा दोनदा, मग तिलाच गंमत वाटते.

आणि व्हिडिओ काढाल तर चेहऱ्याचा नको, हाताचा काढा, तिच्या खांद्यामागून, म्हणजे तुम्हाला नंतर तसंच्या तसं करता येईल. डवलीतून (पळीतून) पीठ तव्यावर पडताना किती पातळ पडतंय, बिडाच्या तव्यावर नारळाच्या शेंडीने तेल कसं फिरवते, झाकण कधी काढते. काढताना गप्प बसा आणि आवाज येऊ द्या. घावणा तव्यावर पडल्यावर जो चर्र आवाज होतो ना, आजी तव्याचं तापमान त्याच्यावरून ओळखते, आवाज बारीक आला तर तवा अजून तापायचाय. हे तिने कधी सांगितलं नसतं, व्हिडिओ परत बघताना विचारलं तेव्हा सांगितलं. म्हणून काढलेला व्हिडिओ तिला दाखवा, आणि ती बघत असताना परत रेकॉर्ड करा, "ह्यां बघ, हय चुकला" असं म्हणत ती जे सांगते ते पहिल्यापेक्षा जास्त कामाचं असतं.

मोदक, पातोळे, कुळथाची पिठी हे सगळं लिहाच, पण टंचाईतलं जेवण पण लिहा. आगोटीच्या, म्हणजे पाऊस सुरू व्हायच्या आधी काय भरून ठेवायची, श्रावणात डाळ संपली की कशावर भागवायची, कुठली रानभाजी कुठल्या पावसानंतर आणि ती आणायला कुठल्या सड्यावर जायची.

ओव्या आणि लावणीची गाणी येत असतील तर पाठांतर म्हणून म्हणायला लावू नका, आठवत नाहीत. घरात जातं असेल तर मूठभर तांदूळ घालून नुसतं फिरवायला बसवा, हात फिरायला लागला की शब्द येतात. हेमा राईरकर आणि गी पॉयत्वाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाच्या वर ओव्या जमवल्या, त्या आता पारीच्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) वेबसाईटवर वाचता-ऐकता येतात, आणि तिथे गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव लिहिलेलं असतं. तेवढं आपणही करू शकतो, प्रत्येक गाण्याखाली कुणी म्हटलं, कुठे शिकली, तारीख. "पारंपरिक" एवढंच लिहून मोकळं होऊ नका.

लिहायला बसल्यावर

तिची बोली सुधारू नका. "माका काय शाळेत घातल्यानी नाय, भावाक घातल्यानी" हे वाक्य आहे तसंच जाऊ दे, मुंबईत वाढलेल्या पोरांना अडलं तर खाली बारीक अक्षरात अर्थ द्या. फोनचं व्हॉइस टायपिंग मालवणीची पार वाट लावतं म्हणून रेकॉर्डिंग ऐकत ऐकत हातानेच टाईप करावं लागणार, कंटाळवाणं आहे, भावंडांत वाटून घ्या.

जन्मापासून सुरुवात करू नका. "आमच्या आजीचा जन्म एका गरीब शेतकरी कुटुंबात झाला" या वाक्यानंतर कुणीही पुढे वाचत नाही. एखाद्या नेहमीच्या दिवसापासून करा, पहाटे उठल्यापासून रात्री निजेपर्यंत, साल कुठलंही एक धरा, आणि त्या दिवसात जे जे माणूस आणि जी जी वस्तू येईल तिथून फाटे फोडा. विशेषणं जेवढी काढाल तेवढं बरं. "कष्टाळू" काढा आणि लिहा की लावणीच्या दिवसांत चिखलाने पायाच्या बोटांत कुये (चिखल्या) व्हायचे आणि ती रात्री त्यावर काय लावायची. "दानशूर" काढा आणि लिहा की भिक्षेकऱ्याला ती तांदूळ घालायची ते सासूच्या नजरेआडून, कुठल्या मापाने.

भांडणं ठेवा. जमिनीची कोर्टकचेरी, दोन जावांचा अबोला, कोण कुणाच्या मयताला आलं नाही. पण ज्या गोष्टीने आज जिवंत माणसाला त्रास होईल ती वेगळ्या फाईलमध्ये लिहून ठेवा, छापू नका, आणि फाईल कुणाकडे आहे ते दोघांना तरी सांगून ठेवा. आजीने "ह्यां कोणाक सांगू नको" म्हणून सांगितलेलं तर कुठल्याच फाईलमध्ये नाही. आधारनंबर, सातबाराची पानं, हयात माणसांच्या जन्मतारखा, हे पुस्तिकेतही नको आणि फेसबुकवर तर नकोच नको.

दोन माणसं एकच गोष्ट वेगवेगळी सांगतात, मोठी आत्या म्हणते आजीने पाटल्या विकून काकांची फी भरली, काका म्हणतात पाटल्या नव्हत्याच, बैल विकला. पंच होऊन निकाल देऊ नका, दोन्ही लिहा, कुणी सांगितलं त्या नावासकट.

छापायचं असेल तर साधी ए-फाईव्ह आकाराची, मध्ये पिन मारलेली पुस्तिका पुरते, तालुक्याच्या गावी डीटीपीवाला करून देतो. पानं चारच्या पटीत लागतात, २४ किंवा ३२, नाहीतर शेवटी कोरी पानं उरतात. अक्षर मोठं ठेवा, सोळा पॉइंट तरी, वाचणाऱ्या बऱ्याच जणी मोतीबिंदूवाल्या आहेत. ग्रुप फोटोखाली डावीकडून उजवीकडे सगळ्यांची नावं, "इतर" असं कुणालाच म्हणायचं नाही, आणि बायकांची नावं "सौ. अमुक" नाही तर त्यांची स्वतःची, कंसात माहेरचं आडनाव. रेकॉर्डिंग तीन ठिकाणी ठेवा, एक क्लाऊडवर, एक पेनड्राईव्ह गावच्या घरी, एक दुसऱ्या शहरातल्या भावंडाकडे, आणि फाईलचं नाव "ऑडिओ००१७" न ठेवता तारीख आणि विषय, म्हणजे "२०२४-०५-कोकमं फोडताना-पत्रांची गोष्ट" असं.

वाटायची कधी तर गणपतीत, वर्षश्राद्धाला नाही. वर्षश्राद्धाला सगळे गंभीर चेहरे करून पिशवीत टाकतात आणि निघतात. गणपतीत पाच-सात दिवस घर भरलेलं असतं, भजन संपून उसळपाव खाताना कुणीतरी मोठ्याने वाचायला घेतो, आणि मग "असा काय नाय होता" असं म्हणणारा एकजण तरी उठतोच. त्यासाठी पेन जवळ ठेवा, आणि शेवटची दोन-तीन पानं मुद्दाम कोरी सोडा म्हणजे तो तिथेच लिहील. एक प्रत तिच्या माहेरी गेली पाहिजे, पोस्टाने नको, स्वतः जाऊन द्या, तिथे अजून कोण काय सांगेल याचा नेम नाही, फोन चार्ज करून न्या.